एक मुकादम, अनेक गडी : बॅटरीची परीक्षा घेणारे जोडभार

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. हिरव्या मिरचीचा बाजार ही या गावाची मोठी ओळख. हंगामात तेथे बाहेरगावचे व्यापारी येतात, पोत्यांच्या थप्प्या लागतात, गाड्या भरतात. आज भाव काय फुटला, गाडी कुठवर पोहोचली, पैसे जमा झाले की नाही, हा सगळा व्यवहार आता मोबाइल फोनवर चालतो. अशा गावात रात्री वीज गेली तर काय होते? आपल्या हातातला फोन भरलेला असला, तरी मोबाइलच्या मनोऱ्याची वीज संपली की त्या फोनचा उपयोग विजेरीपुरताच उरतो. घरात कोणी आजारी असेल आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची असेल, तर ही गोष्ट गंभीर होते.

म्हणून मनोऱ्याच्या पायथ्याशी मोठी बॅटरी ठेवलेली असते. दूरध्वनीच्या जगात ४८ व्होल्ट ही जुनी, रुळलेली संख्या आहे. शिसे-आम्लाचे प्रत्येकी २ व्होल्टचे २४ घट एकसर जोडले की ४८ व्होल्ट मिळतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी लिथियम-आयन बॅटऱ्या आल्या आहेत. पण हिशेब समजून घेण्यासाठी आपण शिसे-आम्लाचीच बॅटरी घेऊ. समजा, तिची क्षमता ६०० अँपिअर-तास आहे. म्हणजे ६० अँपिअर प्रवाह ती १० तास देऊ शकेल, असे तिच्यावरची पट्टी सांगते.

पण चार-पाच वर्षे वापरलेल्या बॅटरीबाबत पट्टीवर विश्वास किती ठेवायचा? वर्गात हा प्रश्न विचारला, की हमखास उत्तर येते, “सर, व्होल्टमीटर लावून पाहू.” तेवढ्याने भागत नाही. व्होल्टमीटर बॅटरीतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. पट्ट्यांवरचा बराचसा क्रियाशील पदार्थ झडून गेलेला म्हातारा घटसुद्धा स्वस्थ बसलेला असताना २ व्होल्टच्या वरच दाखवतो. बसलेल्या बैलाकडे पाहून तो किती नांगरेल हे कळत नाही. जुंपूनच पाहावे लागते. बॅटरीची खरी परीक्षा म्हणजे तिच्यातून ठरलेला प्रवाह सतत घेत राहायचे आणि तिचे विभवांतर ठरलेल्या पातळीपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दहा तासांच्या परीक्षेत शिसे-आम्लाच्या स्थिर घटासाठी ही पातळी सामान्यतः १.८५ व्होल्ट धरतात. २४ घटांसाठी ती होते २४ × १.८५ = ४४.४ व्होल्ट. बॅटरी दहा तास टिकली तर ठीक. सहाच तासांत ४४.४ वर आली तर तिची क्षमता ३६० अँपिअर-तास उरली आहे, हे उघड झाले.

आता हा ६० अँपिअर प्रवाह घ्यायचा कशाने? पूर्वी यासाठी मिठाच्या पाण्याने भरलेल्या पिपात लोखंडी पत्रे बुडवत, किंवा तारेची मोठी रोधके वापरत. ओहमच्या नियमाप्रमाणे ४८ व्होल्टला ६० अँपिअर हवे असतील तर रोध ०.८ ओहम लागेल. पण बॅटरी उतरत जाते. ४४.४ व्होल्टला त्याच रोधातून ५५.५ अँपिअरच जातील. म्हणजे कोणीतरी दहा तास शेजारी बसून पत्रे वर-खाली करायला हवेत. जनित्र तपासताना पाण्याचे पीप अजूनही उपयोगी पडते आणि ते स्वस्तही असते. पण बॅटरीच्या परीक्षेला ते गैरसोयीचे.

या कामासाठी जे उपकरण निघाले त्याला इलेक्ट्रॉनिक भार म्हणतात. त्याच्या पोटात काय असते? नळाची तोटी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस. तोटी म्हणजे मॉस्फेट जातीचा ट्रांझिस्टर. त्याच्या दारावर, म्हणजे गेटवर, विभवांतर वाढवले की तो जास्त प्रवाह जाऊ देतो. कमी केले की कमी. मॉस्फेटच्या खाली अगदी लहान, पण नेमका रोध जोडलेला असतो. तो ०.०१ ओहम असला आणि त्यातून २० अँपिअर गेले, तर त्याच्या दोन टोकांत ०.२ व्होल्ट मिळतात. हा झाला प्रवाहाचा हिशेब. लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे ऑप-अँप नावाचा प्रवर्धक. त्याच्या एका टोकाला आपण हुकूम देतो, ‘०.२ व्होल्ट’. दुसऱ्या टोकाला रोधावरचे विभवांतर येते. दोन्ही सारखे होईपर्यंत तो गेटवरचे विभवांतर कमी-जास्त करत राहतो. बॅटरी उतरली, प्रवाह किंचित घटला, की लगेच तोटी थोडी अधिक उघडते. दहा तास, न कंटाळता, २० अँपिअर म्हणजे २० अँपिअर.

एवढी वीज जाते कुठे? सगळी उष्णतेत. ४८ व्होल्ट आणि २० अँपिअर म्हणजे ९६० वॅट, जवळजवळ कपड्यांच्या इस्त्रीएवढे. म्हणून या पेटीत अ‍ॅल्युमिनियमच्या पंखेदार पट्ट्या असतात, आणि पंख्यांचा आवाज असा की शेजारी बोलता येऊ नये. आपल्या पूर्ण परीक्षेत ६०० × ४८ = २८,८०० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ २९ युनिट वीज नुसती हवा गरम करण्यात जाते. ती वीज जाळका परत देणारे भारही आता मिळतात. पण ते महाग असतात.

येथेच अडचण सुरू होते. प्रत्येक भाराला तीन मर्यादा असतात : जास्तीत जास्त विभवांतर, जास्तीत जास्त प्रवाह आणि जास्तीत जास्त शक्ती. समजा, आपल्याकडच्या पेटीच्या मर्यादा ८० व्होल्ट, २५ अँपिअर आणि १,२०० वॅट आहेत. हवे आहेत ६० अँपिअर आणि सुमारे २,९०० वॅट. एका हमालाने तीन पोती उचलावीत, असा हा आग्रह होईल. मग तीन पेट्या समांतर जोडू. किरखोफने १८४५ साली मांडलेला नियम आपल्या बाजूने आहे : संधीत येणारा प्रवाह आणि जाणारा प्रवाह सारखे. तीन पेट्यांनी प्रत्येकी २० अँपिअर घेतले की बॅटरीतून ६० निघणारच.

मग झाले की काम! तीन पेट्या, तीन बटणे, प्रत्येकीवर २०. यात नियंत्रकाची गरज कुठे आली?

परीक्षा संपण्याचा क्षण डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पेटीला सांगितले आहे, ‘४४.४ व्होल्ट झाले की थांब.’ पण तीन पेट्यांचे तीन व्होल्टमीटर तंतोतंत सारखे नसतात. शिवाय बॅटरीपर्यंतच्या तारांतही विभवांतर पडते. १० मिलिओहमच्या तारेतून २० अँपिअर गेले तर ०.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणून पहिली पेटी थोडी आधी थांबते. आता बॅटरीवर ६० ऐवजी ४० अँपिअरच उरले. बॅटरी आणि घटांमधल्या जोडपट्ट्या यांचा मिळून अंतर्गत रोध १५ मिलिओहम धरला, तर विभवांतर लगेच २० × ०.०१५ = ०.३ व्होल्टने वर येते. उरलेल्या दोघींना वाटते, अजून बराच वाव आहे! त्या पुढे चालू राहतात. परीक्षेचा नियम ६० अँपिअरचा होता, तो मोडला. आणि २४ घटांपैकी एखादा दुबळा असेल तर तो नको इतका रिकामा होऊन उलटा भारित होण्याचा धोका वाढला. तपासणीनेच बॅटरीचे आयुष्य कमी करण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी अडचण याहून गमतीची आहे. प्रवाह ठरवून देण्याऐवजी विभवांतर ठरवून दिले तर? सौर पॅनेलची तपासणी करताना असेच करावे लागते. शेतातल्या सौर पंपाचे पॅनेल निरनिराळ्या विभवांतरांना किती प्रवाह देते, याचा आलेख काढायचा असेल, तर भाराला हुकूम द्यावा लागतो, ‘विभवांतर एवढेच ठेव, त्यासाठी लागेल तेवढा प्रवाह ओढ.’ असे दोन भार समांतर जोडले की काय होते ते पाहू.

एका हौदात नळाचे पाणी सतत पडत आहे. दोन गड्यांना बादल्या दिल्या आणि सांगितले, “पाण्याची पातळी या खुणेवर ठेवा; वर गेली तर उपसा, खाली गेली तर थांबा.” पण दोघांच्या खुणा वेगवेगळ्या काठांवर, आणि एकाची खूण बोटभर खाली आहे. ज्याची खूण खाली तो उपसतच राहतो. पातळी त्याच्या खुणेवर आली की दुसऱ्याच्या दृष्टीने ती आधीच कमी झालेली असते. म्हणून तो बिडी ओढत बसतो. दोघेही हुकूम अगदी प्रामाणिकपणे पाळत आहेत, तरी सगळे काम एकाच्याच अंगावर पडले! इलेक्ट्रॉनिक भारांत ही बोटभर खूण म्हणजे ०.०२ व्होल्टचा फरक. ज्या पेटीला विभवांतर किंचित जास्त वाटते ती आपल्या मर्यादेपर्यंत ओढत जाते आणि दुसरी जवळजवळ रिकामी राहते. पहिली मर्यादेला पोहोचल्यावरच दुसरीला काम मिळते. पहिली तापून बंद पडली, तर सगळा बोजा एकदम दुसरीवर येतो.

समांतर जोडणीत विभवांतर सर्वांना सामाईक असते. सामाईक राशीविषयी दोघांनी निर्णय घ्यायचा म्हटला की भांडण आलेच. म्हणून तो निर्णय एकाच पेटीने घ्यायचा आणि बाकीच्यांनी आपापला प्रवाह तेवढा सांभाळायचा. प्रवाह हा प्रत्येकीचा स्वतंत्र असतो, त्यात कोणाचा कोणाशी वाद नाही. एकसर जोडणीत हेच उलटे घडते. तेथे प्रवाह सामाईक. दोन भार एकसर जोडून दोघांनाही ‘२० अँपिअर घे’ म्हटले, तर ज्याचे २० किंचित कमी आहेत तो तोटी आवळत जातो आणि जवळजवळ सगळे विभवांतर त्याच्याच डोक्यावर येते. म्हणूनच बहुतेक उत्पादक भार एकसर जोडू नका, असे बजावून सांगतात.

निर्णय घेणाऱ्या पेटीला इंग्रजी पुस्तकांत ‘मास्टर’ आणि बाकीच्यांना ‘स्लेव्ह’ म्हणतात. हे गुलामीचे शब्द मला आवडत नाहीत, आणि ते बदलण्याकडे जगातही कल आहे. मिरचीच्या बाजारात पोती उचलणाऱ्या टोळीकडे पाहिले, तर आपल्याला चांगले शब्द आयते मिळतात : मुकादम आणि गडी. कोणती गाडी भरायची, कधी थांबायचे हे मुकादम सांगतो. पोते मात्र प्रत्येक जण आपल्याच पाठीवर नेतो. आपल्या उपकरणात तर मुकादम स्वतःही एक पोते उचलतो.

मुकादमाचा हुकूम गड्यांपर्यंत पोहोचतो कसा? जुनी आणि सोपी रीत म्हणजे एका जोडतारेवरचे विभवांतर. ० व्होल्ट म्हणजे काही नको, १० व्होल्ट म्हणजे पूर्ण ताकद. २५ अँपिअरच्या पेटीला ८ व्होल्टचा हुकूम मिळाला की ती २० अँपिअर घेते. या रीतीत एक सोय आपोआप साधते. टोळीत ५० अँपिअरची एखादी पेटी असली, तर त्याच ८ व्होल्टला ती ४० अँपिअर घेईल. ज्याची जेवढी ताकद, त्याच्यावर तेवढा बोजा.

मात्र या तारेला शेजारचा दंगा बाधतो. हुकुमाचे विभवांतर ज्या ऋण टोकापासून मोजायचे, त्याच ऋण तारेतून मोठा प्रवाहही जात असेल, तर २ मिलिओहमच्या तुकड्यात २० अँपिअरमुळे ४० मिलिव्होल्ट पडतात आणि ते हुकुमात मिसळतात. आपल्या मापाने ही ०.१ अँपिअरची चूक झाली. म्हणून हुकुमाच्या दोन्ही तारा स्वतंत्र नेतात, एकमेकींभोवती पिळतात आणि दोघींमधला फरक तेवढा मोजतात. दूरध्वनीच्या बॅटरीत आणखी एक खोच आहे. तेथे धातू गंजू नये म्हणून परंपरेने धन टोक जमिनीला जोडतात. त्यामुळे ऋण टोक जमिनीपेक्षा ४८ व्होल्टने खाली असते. जमिनीला जोडलेला संगणक अशा भाराला सरळ तारेने जोडला, तर नको त्या वाटेने प्रवाह जाईल. त्यासाठी मधे प्रकाशाची फट ठेवतात : एका बाजूला छोटा दिवा चमकतो, दुसऱ्या बाजूला प्रकाशसंवेदी ट्रांझिस्टर तो पाहतो. निरोप जातो, वीज जात नाही.

अलीकडच्या पेट्या अंकांच्या भाषेत बोलतात. प्रत्येकीला क्रमांक असतो आणि एकाच जोडतारेवर मुकादम एकेकीला हाक मारतो. पण एकेकीला हाक मारण्यात वेळ जातो, आणि प्रवाह एका झटक्यात वाढवून पाहायचा असेल तर तिघींचा पाय बरोबरच पडायला हवा. यावरचा उपाय आपल्या कवायतीतलाच आहे. आधी प्रत्येकीला नवा आकडा सांगून ठेवायचा, आणि मग वेगळ्या तारेवरून सर्वांना एकच स्पंद पाठवायचा : ‘आता!’

हुकूम देणे हे मुकादमाचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे काम खरेच होत आहे का, हे पाहणे. एका गड्याचा पंखा बंद पडला, तो तापला आणि त्याने स्वतःला बंद केले, तर ते मुकादमाला कळले पाहिजे. तसे झाले की सगळ्यांना थांबवणे हेच शहाणपणाचे. जोडतारच तुटली तर? गडी जुन्याच हुकुमावर ओढत राहिला, तर बॅटरी पार रिकामी होईल. म्हणून निरोप थांबला की शून्यावर यायचे, ही शिस्त त्याला आधीच शिकवलेली असते. कारखान्यांत ४ ते २० मिलिअँपिअरची जी संदेशपद्धती वापरतात, तिच्यात शून्याचा निरोपही ४ मिलिअँपिअरने देतात. तारेत काहीच आले नाही तर तो ‘शून्य’ नसून ‘तार तुटली’ असा अर्थ होतो. मला ही युक्ती फार आवडते.

आणखी एक खबरदारी. पेट्यांनी आपापला आकडा सांगावा आणि मुकादमाने बेरीज करावी, एवढ्यावर विसंबू नये. बॅटरीच्या मुख्य तारेतच एक स्वतंत्र मापनरोध, म्हणजे शंट, घालतात. १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट असेल, तर आपल्या परीक्षेत तो ४५ मिलिव्होल्ट दाखवील. नाही दाखवले, तर तिघांपैकी कोणीतरी कामचुकारपणा करत आहे. विभवांतर मोजण्यासाठीही बॅटरीच्या टोकांपासून दोन बारीक तारा थेट मुकादमाकडे नेतात. त्यांतून प्रवाह जवळजवळ जात नाही, म्हणून त्यांत विभवांतर पडत नाही आणि ४४.४ म्हणजे खरेच ४४.४ असतात.

हे सारे शाळेच्या प्रयोगशाळेत लहान प्रमाणात करून पाहता येईल, अर्थात शिक्षकांच्या देखरेखीखाली. मनोऱ्याच्या, ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीला मात्र हात लावायचा नाही. तिची टोके चुकून जुळली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि बोटातली अंगठीही वितळू शकते. आपल्याला ६ व्होल्टची लहान बॅटरी पुरे. एलएम ३५८ या एकाच चिपमध्ये दोन ऑप-अँप असतात. आयआरएफ ५४० जातीचे दोन मॉस्फेट आणि १ ओहम, ५ वॅटचे दोन रोध घ्या. दोन्ही मॉस्फेटांची ड्रेन टोके १ अँपिअरच्या वितळतारेतून बॅटरीच्या धन टोकाला जोडा. प्रत्येकाचे सोर्स टोक आपापल्या १ ओहमच्या रोधातून ऋण टोकाला. ऑप-अँपचे निर्गम टोक १०० ओहममधून गेटला आणि त्याचे उणे टोक १ ओहमच्या वरच्या बाजूला जोडा. चिपला ९ व्होल्टची वेगळी बॅटरी द्या आणि दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकत्र करा. हुकुमासाठी ९ व्होल्टवर १५० किलोओहमचा रोध आणि १० किलोओहमचा बदलता रोध एकसर लावा. बदलत्या रोधाच्या मधल्या टोकावर ० ते सुमारे ०.५६ व्होल्ट मिळतील. हे मधले टोक दोन्ही ऑप-अँपांच्या अधिक टोकांना जोडले, की झाला तुमचा मुकादम.

हुकूम ०.३ व्होल्ट ठेवा. प्रत्येक मॉस्फेटमधून ०.३ आणि बॅटरीतून ०.६ अँपिअर जायला हवेत. प्रत्येक मॉस्फेट सुमारे १.७ वॅट उष्णता देतो, म्हणून त्याला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा आणि बोट लावू नका. दोन पट्ट्या एकमेकींना टेकूही देऊ नका. दोन प्रवाहांत काही मिलिअँपिअरचा फरक दिसला तर गोंधळू नका. दोन ऑप-अँपांच्या ‘खुणा’ तेवढ्या वेगळ्या आहेत. मग एका बाजूला १ ऐवजी २ ओहम घाला आणि काय होते ते पाहा. नंतर एका १ ओहमच्या रोधाखाली ०.१ ओहम भरेल एवढी लांब, बारीक तार घाला. त्या गड्याचा प्रवाह ०.३ वरून सुमारे ०.२७ वर येईल. वर सांगितलेला ऋण तारेचा दंगा तो हाच. शेवटी एका मॉस्फेटची ड्रेनची तार सोडवा. बॅटरीचा प्रवाह निम्मा होईल, आणि दुसऱ्या मॉस्फेटला त्याचा पत्ताही लागणार नाही. आपल्या मुकादमाला तोंड आहे, पण कान नाहीत. त्याला कान द्यायचे असतील तर मुख्य तारेत कोणता रोध घालाल आणि तिसरा ऑप-अँप कोठे जोडाल?

जाता जाता एक गणित. एका टोळीत २५ अँपिअरचे दोन आणि ५० अँपिअरचा एक भार आहे. १० व्होल्ट म्हणजे पूर्ण ताकद ही पद्धत आहे. बॅटरीतून एकूण ७५ अँपिअर घ्यायचे असतील तर मुकादमाने जोडतारेवर किती व्होल्ट ठेवावेत? आणि २५ अँपिअरचा एक गडी मधेच बंद पडला, तर तेवढेच ७५ अँपिअर चालू ठेवण्यासाठी हुकूम किती करावा लागेल, आणि तसा हुकूम तुम्ही द्याल का?